परकी परीक्षा आणि घरचा अभ्यास

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त व्हाइटफील्ड येथे झालेल्या कौटुंबिक मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या प्रसंगी गतकाळाचे सिंहावलोकन करावे, संस्थापकांचे ऋण मानावे आणि पुढील पन्नास वर्षांचे संकल्प सोडावेत, असा आपल्याकडे प्रघात आहे. ती कामे माझ्याहून अधिकारी वक्त्यांनी यथास्थित पार पाडली आहेत. कार्यकारिणीने माझ्याकडे सोपविलेला विषय मात्र निखळ व्यवहारातला आहे. शिक्षणासाठी अथवा नोकरीसाठी परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या आपल्या मुलामुलींना इंग्रजीची जी परीक्षा द्यावी लागते, तिचा अभ्यास कसा करावा, हा तो विषय. मी इंग्रजीचा प्राध्यापक नव्हे. एक साधा बी.ए. झालेला, केंद्र सरकारच्या कचेरीत टिपणे आणि मसुदे लिहिण्यात उमेदीची वर्षे घालविलेला मनुष्य आहे. तथापि मंडळातील काही मुलांचा हा अभ्यास जवळून पाहण्याची संधी मला लाभली. त्यातून जे उमजले, ते आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम आपण जेथे बसलो आहोत त्या जागेचाच एक विरोधाभास पाहा. हे व्हाइटफील्ड मुळात वसले ते इंग्रजी ही ज्यांची घरची भाषा होती अशा लोकांसाठी. १८८२ साली मैसूरचे महाराज चामराज वडियार यांनी अँग्लो-इंडियन समाजाच्या वसाहतीसाठी सुमारे ३,९०० एकर जमीन दिली. त्या समाजाचे पुढारी डेव्हिड व्हाइट यांच्या नावावरून गावाला हे नाव पडले. त्या कुटुंबांनी येथे शेती केली, बंगले बांधले, चर्च उभारले. पुढे स्वातंत्र्यानंतर भारतातील अँग्लो-इंडियन समाजातील कितीतरी कुटुंबे इंग्लंडला आणि ऑस्ट्रेलियाला निघून गेली. आज त्याच भूमीवर उंच इमारतींच्या खोल्याखोल्यांतून मराठी, कन्नड, तेलुगू आणि हिंदी घरांतील मुले कानांना यंत्र लावून इंग्रजी ऐकण्याचा सराव करीत आहेत, तीही त्याच देशांकडे जाण्यासाठी. गाव तेच, वाट तीच. मधल्या काळात वाटेवर एक नाका उभा राहिला, एवढाच फरक.

हा नाका फार जुना नाही. केंब्रिज विद्यापीठाने परभाषकांसाठी इंग्रजीची पहिली परीक्षा १९१३ साली घेतली. ती सुमारे बारा तास चालत असे. तीत भाषांतर होते, व्याकरण होते, निबंध होता, ध्वनिशास्त्रही होते. पहिल्या वर्षी अवघे तीन उमेदवार बसले आणि तिघेही अनुत्तीर्ण झाले! पहिल्या प्रयत्नात अपयश आलेल्या आपल्या मुलांनी हे जरूर ध्यानात ठेवावे. अमेरिकेतील विद्यापीठांसाठी असलेली ‘टोफेल’ ही परीक्षा १९६४ पासून सुरू झाली. आपल्याकडे सर्वांच्या तोंडी असलेली ‘आयेल्ट्स’ या नावाने १९८९ पासून घेतली जाते. २००९ पासून आलेल्या ‘पीटीई’ या परीक्षेत उत्तरांचे मूल्यमापन मुख्यतः यंत्राकडून होते. म्हणजे ज्या परीक्षेच्या निकालावर आज घरातले वातावरण बदलते, तिचे नावही आपल्यातील अनेकांच्या शाळकरी वयात कोणी ऐकलेले नव्हते.

परंतु मराठी माणसाने परकी भाषा कष्टाने कमाविण्याची परंपरा मात्र बरीच जुनी आहे, आणि तिचा एक धागा याच दक्षिण देशात सापडतो. तंजावरच्या भोसले घराण्यातील दुसरे सरफोजी राजे हे श्वार्ट्झ नावाच्या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली शिकले. इंग्रजी त्यांना उत्तम अवगत होते. गुरूच्या मृत्यूनंतर त्यांनी लंडनच्या विख्यात शिल्पकाराकडून, फ्लॅक्समनकडून, स्मारकशिल्प घडवून घेतले. आणि हेच राजे सरस्वती महाल ग्रंथालयात संस्कृत, तमिळ, तेलुगू आणि मराठी हस्तलिखितांचा संग्रह वाढवीत राहिले. एका भाषेसाठी दुसरीला घराबाहेर काढावे लागते, असे त्यांना कधी वाटले नाही.

दुसरे उदाहरण आपणां सर्वांच्या परिचयाचे, पण या विषयाच्या दृष्टीने क्वचित पाहिलेले. डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचे शिक्षण कोणत्याही नामांकित शिकवणीवर्गात झाले नाही. टपाल खात्यात कारकून असलेले त्यांचे पती गोपाळराव हेच त्यांचे मुख्य शिक्षक. १८८३ साली अमेरिकेस जाण्यापूर्वी त्यांनी बंगालमध्ये श्रीरामपूरच्या महाविद्यालयात भरसभेत इंग्रजीतून भाषण केले. त्या वेळी त्यांचे वय अठराही पूर्ण नव्हते. त्या भाषणाची रचना अभ्यासण्याजोगी आहे. आपण अमेरिकेस का जाणार, येथे शिक्षणाची सोय नाही काय, एकटी का जाणार, परतल्यावर जात वाळीत टाकील त्याचे काय, संकट आले तर काय करणार आणि इतर कोणी स्त्री जे करीत नाही ते आपणच का करावे, असे लोकांच्या मनातील सहा प्रश्न त्यांनी स्वतःच पुढे मांडले आणि एकेकाचे उत्तर दिले. आजच्या परीक्षेतील निबंधात परीक्षक जे शोधतात ते याहून निराळे नाही: प्रश्न नीट समजला आहे काय, त्यावर आपले स्वतःचे मत आहे काय आणि ते क्रमाने मांडता येते काय. १८८६ साली फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्या डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच वर्षी, बाविसावे वर्ष पूर्ण होण्याआधी, पुण्यात निवर्तल्या. त्या अल्प आयुष्यातील इंग्रजीचा अभ्यास हा एका हेतूसाठी केलेला अभ्यास होता. हेतू प्रथम, भाषा त्याच्या पाठोपाठ. हा क्रम आपण विसरता कामा नये.

आता परीक्षेच्या स्वरूपाकडे वळू. उदाहरणादाखल ‘आयेल्ट्स’ घेऊ. तिची चार अंगे आहेत. श्रवण, वाचन, लेखन आणि संभाषण. श्रवणाला सुमारे अर्धा तास आणि चाळीस प्रश्न. वाचनाला एक तास आणि चाळीस प्रश्न. लेखनाला एक तास आणि दोन मजकूर, एक किमान १५० शब्दांचा, दुसरा किमान २५० शब्दांचा. संभाषण अकरा ते चौदा मिनिटांचे, समोरासमोर. गुण शून्य ते नऊ या श्रेणीत, अर्ध्या-अर्ध्याच्या टप्प्याने दिले जातात. चारही अंगांची सरासरी काढून ती जवळच्या अर्ध्यावर नेतात. कोणास ७, ७, ६ आणि ७ मिळाले तर सरासरी पावणेसात येते आणि ती ७ धरली जाते. परंतु येथेच फसगत होते. अनेक विद्यापीठे आणि व्यावसायिक परिषदा एकूण श्रेणीबरोबर प्रत्येक अंगाची स्वतंत्र किमान श्रेणीही मागतात. एकूण सात येऊनही लेखनात सहा असल्यामुळे दार बंद, अशी निराशा पुष्कळांच्या वाट्याला येते. म्हणून अभ्यासाची पहिली पायरी पुस्तक नव्हे. आपल्याला जेथे जायचे आहे त्या संस्थेची नेमकी अट तिच्याच अधिकृत पत्रकात वाचणे, ही पहिली पायरी होय. निकाल सामान्यतः दोनच वर्षे ग्राह्य असतो, हेही ध्यानात घेऊन परीक्षेचा दिवस ठरवावा.

दुसरी पायरी म्हणजे एक संपूर्ण परीक्षा घड्याळ लावून घरी देणे. अर्धी-मुर्धी नव्हे, मध्ये चहा घेऊन नव्हे. कोठे दुखते ते कळल्यावाचून औषध देता येत नाही. त्यानंतर एक चुकांची वही करावी. रोज नव्या प्रश्नपत्रिका सोडविण्यापेक्षा जुन्या चुका वहीत लिहून, त्या का झाल्या याचे एका ओळीत कारण नोंदविणे शतपट उपयोगाचे. आमच्या कचेरीच्या भाषेत सांगायचे तर, प्रत्येक चुकीची फाइल उघडा आणि निर्णय झाल्यावाचून ती बंद करू नका.

मराठी माणसाच्या चुका बहुधा ठरीव जागी होतात. आपल्या भाषेत ‘ए’ आणि ‘द’ ही उपपदे नाहीत, म्हणून ती गळतात किंवा नको तेथे येतात. आपण विभक्तीचे प्रत्यय लावतो, इंग्रजी शब्दयोगी अव्यये शब्दाआधी ठेवते, म्हणून तेथे गोंधळ होतो. ‘मी दहा वर्षांपासून येथे राहतो’ हे मराठीत निर्दोष वाक्य आहे, पण तेच जसेच्या तसे उतरवून ‘आय अ‍ॅम स्टेइंग हिअर सिन्स टेन इयर्स’ म्हटले की गुण जातो. ‘आय हॅव लिव्हड हिअर फॉर टेन इयर्स’ असे तेथे हवे. ‘तो म्हणाला की मी येतो’ यातील ‘मी’ कोण, हे मराठी माणसास विचारावे लागत नाही. इंग्रजीत मात्र तेथे सर्वनाम आणि काळ दोन्ही बदलतात. आलेखाचे वर्णन करताना आपण सहज ‘लाख’ आणि ‘कोटी’ लिहून जातो. तेथे ‘मिलियन’चा हिशेब हवा, दहा लाख म्हणजे एक मिलियन.

उच्चारांविषयी अकारण भीती बाळगू नये. परीक्षकाला लंडनचा हेल नको असतो. बोलणे सुगम असावे एवढीच अपेक्षा असते. तथापि काही भेद शिकून घ्यावेत. ‘व्हेस्ट’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, ‘वेस्ट’ म्हणताना दातांचा संबंध येत नाही, ओठ गोल होतात. आपल्या या गावाचे नाव आपण ‘व्हा’ने लिहितो आणि दात टेकवून उच्चारतो, इंग्रज मनुष्य ते ओठ गोल करून म्हणेल. आणखी एक गोष्ट आघाताची. मराठीत शब्दातील अक्षरे साधारण सारख्या जोराने उच्चारली जातात. इंग्रजीत ‘फोटोग्राफ’चा जोर पहिल्या अक्षरावर, तर ‘फोटोग्राफर’चा दुसऱ्यावर. रोज दहा शब्द मोठ्याने म्हणून स्वतःच्या ध्वनिमुद्रणाशी ताडून पाहिले, तर तीन महिन्यांत कान तयार होतो.

श्रवणाच्या परीक्षेत ध्वनिमुद्रण एकदाच ऐकवितात. म्हणून प्रश्न आधी वाचून, काय ऐकायचे आहे ते ठरवून मगच ऐकावे. शुद्धलेखनाच्या चुकीला गुण जातो, आणि ‘दोनपेक्षा अधिक शब्द नकोत’ अशी सूचना असता तीन लिहिले तरी जातो. चुकलेल्या उत्तरास वजा गुण नसतात. तेव्हा एकही जागा रिकामी सोडू नये.

वाचनात एक प्रकार मला स्वतःला फार शिकविणारा वाटला. एक विधान देतात आणि उताऱ्यावरून ते सत्य, असत्य की ‘दिलेले नाही’, हे ओळखावयास सांगतात. हुशार मुले नेमकी तेथेच घसरतात, कारण त्यांना विषयाची माहिती असते आणि ती उताऱ्यात नसली तरी ती आपल्या पदरची घालतात. एखादी गोष्ट खोटी असणे वेगळे आणि तिच्याविषयी काही सांगितलेलेच नसणे वेगळे. हा विवेक परीक्षेपुरता नाही. संसारातील आणि सार्वजनिक जीवनातील निम्मे कलह हा फरक न ओळखल्याने होतात, असे कचेरीतील फायली वाचताना मला कितीदा तरी जाणवले आहे.

लेखनाविषयी थोडे विस्ताराने बोलतो, कारण तेथेच पुष्कळांचे घोडे अडते. आपल्या मंडळातील एका कुटुंबातील मुलगी परिचारिका आहे. नाव सांगत नाही. इंग्लंडमध्ये परिचारिका म्हणून नोंदणी होण्यासाठी तिला श्रवण, वाचन व संभाषणात सात आणि लेखनात साडेसहा हवे होते. दोनदा लेखनात सहाच आले. तिने एका शिकवणीवर्गात बरेच पैसे भरले होते. तेथे तिला तयार साचे पाठ करविले होते. विषय पर्यावरणाचा असो की वृद्धांचा, पहिला परिच्छेद तोच, समारोप तोच. परीक्षक असे पाठांतर ओळखतात आणि त्याचे गुण देत नाहीत, ही गोष्ट तिला कोणी सांगितली नव्हती.

आम्ही एक साधा प्रयोग केला. ‘वृद्धांची काळजी कुटुंबाने घ्यावी की शासनाने’ हा प्रश्न तिला देऊन मी म्हटले, “प्रथम मराठीत सांग. तुझे स्वतःचे मत काय?” ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “काका, मला आजवर कोणी मत विचारलेच नाही. विचारायचे ते शब्द किती झाले एवढेच.” मग ती बोलू लागली. रुग्णालयात रात्रपाळीला पाहिलेले म्हातारे, मुले परगावी असलेले, दर घंटेला दाराकडे पाहणारे. पंधरा मिनिटांत तिच्यापाशी दोन ठाम मुद्दे आणि प्रत्येकी एक जिवंत उदाहरण तयार होते. त्यानंतर तेच तिने इंग्रजीत लिहिले. वाक्ये लहान होती, शब्द साधे होते, पण मजकूर तिचा होता. पुढचे दोन महिने ती आठवड्याला तीन निबंध याच रीतीने लिहीत गेली. आधी मराठीत मत, मग मुद्द्यांचा क्रम, मग इंग्रजी, शेवटी चुकांची वही. तिसऱ्या वेळी तिला लेखनात साडेसहा मिळाले. आज ती तिकडे सेवेत आहे.

यातून मी जो निष्कर्ष काढला तो पालकांनी कृपा करून ऐकावा. मुलांना परीक्षा सोपी जावी म्हणून घरात मराठी बंद करून इंग्रजी सुरू करणारी कुटुंबे आपल्यात आहेत. त्यांचा हेतू चांगला आहे, उपाय मात्र उलटा आहे. आईबापांनी ओढूनताणून बोललेले चार वाक्यांचे इंग्रजी मुलांना भाषा देत नाही, पण जेवताना रंगणारा वाद, आजीची गोष्ट, बातमीवरची चर्चा हे सारे त्यांच्यापासून हिरावून घेते. विचार करण्याची, दुसऱ्याचे ऐकून प्रतिवाद करण्याची सवय ज्या भाषेत घरातील माणसे मोकळेपणी बोलतात त्याच भाषेत लागते. ती सवय एकदा लागली की ती इंग्रजीतही बरोबर येते. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना मी एवढेच सांगेन की, तुमच्यापाशी इंग्रजी कमी असेल, पण सांगण्यासारखे कमी नाही. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला उशाशी ठेवून ज्या पिढ्या इंग्रजी शिकल्या, त्या याच मार्गाने गेल्या.

आणखी एक गोष्ट, थोडी अप्रिय, पण आपल्याच माणसांत बोलतो म्हणून बोलतो. सातासमुद्रापलीकडील भाषेसाठी आपण हजारो रुपये शुल्क भरतो, पहाटे उठून सराव करतो. ज्या भूमीने आपल्याला अन्न दिले तिच्या कन्नड भाषेसाठी आपल्याला कोणी परीक्षा घातली नाही, म्हणून आपल्यापैकी कितीजण ती शिकले? मातृभाषा मराठी असलेले द. रा. बेंद्रे कन्नडचे थोर कवी झाले आणि १९७३ साली ज्ञानपीठ पुरस्काराचे मानकरी ठरले. आपल्याकडून काव्याची अपेक्षा नाही. पण भाजीवाल्याशी, शेजाऱ्याशी, मुलांच्या शिक्षकांशी चार वाक्ये त्यांच्या भाषेत बोलावीत, एवढी तरी असावी. केवळ परीक्षेसाठी शिकलेली भाषा निकालानंतर विसरते. शेजारासाठी शिकलेली टिकते. परदेशी गेलेल्या आपल्या मुलांनाही हीच कसोटी लागणार आहे. श्रेणी सात असूनही ज्याला शेजाऱ्याशी बोलवत नाही, तो तेथे एकाकी पडतो.

शेवटी पालकांच्या मनातील एका गोष्टीला स्पर्श करतो. मुलाला यश मिळावे म्हणून देवापुढे दिवा लावणाऱ्या आईला हेही ठाऊक असते की यश आले तर ही खोली रिकामी होणार आहे. या अभ्यासाचा खरा ताण मुलांपेक्षा बंद दाराच्या अलीकडे बसलेल्यांवर अधिक असतो, आणि तो बोलून दाखविता येत नाही. मुलांनो, आईबाबा वारंवार गुण विचारतात तेव्हा ते केवळ गुण विचारीत नसतात, एवढे समजून घ्या. आणि पालकांनो, आपणही एके काळी कोल्हापूर, सोलापूर, नागपूर, बेळगाव सोडून येथे आलो. तेव्हा आपल्या मागे राहिलेल्या ओसरीवरून आपल्या आईवडिलांनी आपल्याला अडविले नाही. जाणाऱ्याला अपराधी करून पाठवू नये. आणि ज्याला श्रेणी मिळाली नाही, किंवा ज्याला जावेसेच वाटत नाही, त्याला अपयशी ठरवू नये. ही परीक्षा त्या दिवशीचे, त्या अडीच-तीन तासांचे इंग्रजी मोजते. मुलाची बुद्धी, त्याचे शील, त्याचा स्नेह यांतले काहीच ती मोजीत नाही. तिने तसा दावाही केलेला नाही. तो आपण तिच्यावर लादतो.

मंडळापुढे माझी एक नम्र सूचना आहे. सुवर्णमहोत्सवाची स्मृती म्हणून दर शनिवारी सायंकाळी दोन तास मंडळाच्या खोलीत एक अभ्यासमंडळ चालवावे. पहिला तास इंग्रजी लेखनाचा आणि संभाषणाचा, शुल्काशिवाय. परदेशी राहून आलेले सभासद, निवृत्त शिक्षक, कंपन्यांत काम करणारी तरुण मंडळी यांनी आळीपाळीने यावे. दुसरा तास मराठी वाचनाचा आणि चर्चेचा, ज्यात आजी-आजोबांनी बोलावे आणि मुलांनी प्रश्न विचारावेत. महिन्यातून एकदा एखाद्या कन्नड शेजाऱ्याला पाहुणा म्हणून बोलवावे. खर्च चहाचा. लाभ मात्र जाणाऱ्यांना होईल तसाच राहणाऱ्यांनाही. शिकवणीवर्गाच्या मोठ्या फलकांना भुलून कोणाला आपले पैसे आणि धीर दोन्ही गमवावे लागणार नाहीत.